पाच राजांचा घोडा

तेर गावच्या मठात महालिंगप्पा गुरुजी उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना नाटक शिकवायचे, आणि त्यांच्या बायकोला, शांताक्काला, त्या सुट्टीची वर्षभर धास्ती असायची. एरवी हे गृहस्थ निदान पडवीत बसून पोरांकडून पाढे म्हणवून घ्यायचे. वैशाख लागला की गावभर हात जोडत फिरायचे.

हात जोडण्यात त्यांचा हातखंडा होता. बाराव्या वर्षी एका फिरत्या नाटक कंपनीनं त्यांना बायकांची कामं करायला उचललं. सोळाव्या वर्षी आवाज फुटला, तसं कंपनीनं लुगडं काढून घेतलं आणि हातात भाला दिला. पुढं चौदा वर्षं ते पडद्याच्या कडेला शिपाई म्हणून उभे राहिले. चौदा वर्षांत वाट्याला एक वाक्य आलं नाही! शेवटी कंपनीनं नारळ दिला. दुसरा कुणी चार शिव्या हासडून आला असता. हे मालकाच्या पाया पडून आले आणि वर 'मालक मोठ्या मनाचे' असं सांगत सुटले. नव्या नवरीनं, म्हणजे शांताक्कानं, तेव्हा कपाळाला हात लावला तो लावलाच.

चव्वेचाळीस साली, निजामाच्या अमलात, गुरुजींनी स्वतःच एक नाटक रचलं. एक राजा, एक प्रधान, शिपाई, प्रजा. मग कापडवाले शिवलिंगप्पा आले. मांडव त्यांचा, पडद्याची लुगडी त्यांची, म्हणून त्यांचा सहा वर्षांचा शेंबडा नातू ईरण्णा राजा झाला. दुसऱ्या दिवशी पाटील आले. पाटलाचा पोरगा शेंबड्यापुढं वाकणार? छे! तोही राजा. गुरुजी प्रत्येकाला "व्हय व्हय, तुमचं बरोबर हाय" म्हणत गेले आणि आठवड्याभरात राजे पाच झाले. प्रजेला कुणी उरलंच नाही.

"मग वाकनार कोन?" शांताक्कानं विचारलं.

"म्या हाय की. शिपाई मीच, प्रजा मीच. घोडाबी मीच व्हतो. पोरान्ला पाठीवर बसायला लई मजा येती."

"लाज वाटत न्हाय का वो तुमाला?"

"कलेत कसली लाज?"

प्रधानाचं काम मात्र त्यांनी पहिल्यापासून स्वतःकडं ठेवलं होतं. दुष्काळात राजे धान्याच्या कोठाराला कुलूप घालतात, तेव्हा प्रधान ताठ उभा राहून म्हणतो, "महाराज, आपण चुकलात." एवढं एकच वाक्य. गुरुजी ते विहिरीवर म्हणायचे, गोठ्यात म्हशीपुढं म्हणायचे, तालमीत रोज म्हणायचे. नवऱ्याच्या प्रत्येक गोष्टीला नाक मुरडणारी शांताक्का ते ऐकताना भाकरी थापायची थांबायची. त्या वाक्यात त्यांचा आवाज कापत नसे. आयुष्यात एकदा हे चारचौघांत म्हणू दे, मग बाकी सगळं घोडेपण माफ, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

चार दिवस आधी शिवलिंगप्पा तालीम बघायला आले.

"राजा चुकला? गुरुजी, कुनाच्या राज्यात राहता, इसरलात का? पोलिसाचे अमीनसाहेब म्होरं बसनार हायेत. आन् चुकला कोन म्हणं, आमचा ईरण्णा?"

"व्हय व्हय, तुमचं बरोबर हाय."

नाटकाला परवानगी देताना अमीनसाहेबांनी कागद वाचलाही नव्हता. तरी गुरुजींनी तिथंच पेन्सिल काढून ते वाक्य खोडलं. वर विचारलं, "नीट खोडलंय न्हवं?"

शांताक्काला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. पण अंगावर प्रधानाचा वेष चढल्यावर तरी या माणसाला काही वाटेल, अशी वेडी आशा तिच्या मनातून जाईना.

नाटकाच्या दिवशी ऊन कलल्यावर मांडव भरला. अमीनसाहेब खुर्चीत बसले. गुरुजी आधी शिपाई झाले, मग घोडा. एकेका राजाला पाठीवर घेऊन त्यांनी पाच फेऱ्या मारल्या. गुडघे फुटले, गाव खिदळलं. मग ते प्रधानाची पगडी घालून आले. राजांनी कोठाराला कुलूप घातलं. गुरुजी ताठ उभे राहिले. शांताक्कानं पदर मुठीत आवळला.

त्यांनी राजांकडं बघितलं, अमीनसाहेबांकडं बघितलं, आणि खाली वाकून मुजरा घातला.

तेवढ्यात महिनाभर ते वाक्य ऐकलेला ईरण्णा पाटावरून ओरडला, "गुरुजी, तुमचं वाक्य ऱ्हायलं!"

शांताक्का अर्धी उठलीच. ताटात वाढून आली होती ती वेळ! आता नुसतं तोंड उघडायचं होतं.

गुरुजींनी हात जोडले. "ते काढलंय, महाराज."

मांडव हसून लोळला. शिवलिंगप्पांनी मांडीवर थाप मारली. अमीनसाहेब रुमालानं डोळे पुसत होते.

घरी आल्यावर गुरुजी गुडघ्यांना तेल चोळत बसले. चेहरा नुसता फुलला होता.

"बघितलंस न्हवं? शेवटाला केवढा हशा झाला! आन् त्ये वाक्य कागदावर न्हवतं बरं का. माझं सोताचं व्हतं."

शांताक्कानं तेलाची वाटी त्यांच्यापुढं सरकवली.

"व्हय व्हय," ती म्हणाली, "तुमचं बरोबर हाय."