माळावर मिळालेली जमीन

माझं लग्न झालं तेव्हा आमचे मालक पलटणीत होते. आम्ही धनगर. घरात मेंढरं होती, जमीन वीतभर नव्हती. पलटण सोडून ते घरी आले, तेव्हा सरकार माजी सैनिकांना पडीक जमिनी देत होतं. त्यांनी अर्ज केला, इंदापूरच्या कचेरीत खेटे घातले. शेवटी जमीन मिळाली, पण ज्या माळावर मिळाली, तेच आमच्या मेंढरांचं चरायचं रान होतं.

मोजणीच्या दिवशी थोरले दीर कळप घेऊन मधोमध उभे राहिले. त्यांना सगळे तात्या म्हणत.

"तू लढाईवर गेलास तवा ह्याच रानावर मेंढरं जगवली म्या. आता मलाच हाकलतोस व्हय?"

"तात्या, म्या जमीन मागितली. कुठली द्यायची ते सरकारनं ठरवलं."

मोजणीला आलेले साहेब म्हणाले, "नको असेल तर लिहून द्या. दुसरी कधी मिळेल सांगता येत नाही. आणि घेतलीत तर कसावी लागेल, पडीक ठेवून चालणार नाही."

मालक म्हणाले, "मोजा."

तात्या मेंढरं वळवून भिगवणच्या अंगाला निघून गेले. सासूबाईही त्यांच्याबरोबर गेल्या.

पहिल्या साली बाजरी गुडघ्याएवढीच झाली. नुसता मुरूम, खत पडल्याशिवाय तिथं काही येणार नव्हतं. रानात रात्रीची मेंढरं बसवली असती तर लेंड्यांचं खत पडून काम झालं असतं, पण मालक म्हणाले, "मी जायचा न्हाय तात्याकडं."

मग मीच गेले. थोरल्या दिरांशी सुनेनं बोलायची रीत नव्हती, म्हणून पदर ओढून सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, आमच्या रानात मेंढरं बसवायची हायती."

तात्या मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "बसवू. पण पीक आल्यावर दुसरा शेतकरी देतो तेवढं धान्य घेणार. भाऊ म्हणून फुकट न्हाय."

मला वाटलं, मालक भडकतील. ते एवढंच म्हणाले, "बरुबर हाय."

पुढच्या साली बाजरी डोक्याच्या वर गेली. तात्या आले, धान्य मापून घेतलं, पायलीसुद्धा सोडली नाही. मालकांना ते लागलं, पण मापताना त्यांनी हात आखडला नाही. सासूबाईंनी मात्र आमच्या खोपीत बोचकं ठेवलं. "माझं पाय आता कळपामागं चालत न्हाईत. मी हितंच ऱ्हाते."

तात्या जेवायला थांबले. दोघे भाऊ शेजारी बसून जेवले. त्यानंतर दर साली ते मेंढरं घेऊन येत, आणि दर साली धान्य मापून घेत.