काडीमोडीला कागद कुठला?

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचाच राग येतो. तीत खून नव्हता, दरोडा नव्हता, कुणाच्या हातात बेडीही पडली नाही. माझ्या नोकरीतल्या मोठ्या केसेस लोक विचारतात आणि मी रंगवून सांगतोही. ही कुणी विचारत नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे. माणसं साधी होती, त्यांची नावं देत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी चिखली तालुक्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. ठाणं म्हणजे दोन खोल्या, एक कोठडी, पाण्याचा रांजण आणि सकाळी हजेरीला उभे राहणारे सहा-सात शिपाई. एके दिवशी टपालात बुलढाण्याहून चौकशीचा कागद आला. अमडापूरकडच्या एका खेड्यातली बाई विलायतेला नवऱ्याकडे जाणार होती. नवरा आधी भुसावळला रेल्वेत फिटर होता, तिथून तिकडच्या कारखान्यात लागला होता, आणि बायकोला तिकडे नेण्यासाठी परवान्याचा अर्ज झाला होता. अर्जात 'यापूर्वी विवाह झाला होता काय?' या रकान्यात 'नाही' असं लिहिलं होतं.

कागदाला एक निनावी पत्र टाचलेलं होतं. ते विलायतेच्या वकिलातीकडे गेलं होतं आणि फिरत फिरत माझ्या टेबलावर आलं होतं. मजकूर दोनच ओळींचा होता: 'या बाईचे लग्न अगोदर साखरखेर्ड्याकडे झाले असून पहिला नवरा हयात आहे. खात्री करावी.'

मी जमादाराला घेऊन गेलो. बाई निघण्याआधी माहेरी राहायला आली होती. ओसरीवर पत्र्याची नवी पेटी ठेवलेली होती. चिखलीच्या पेंटरकडून तिच्यावर बाईचं नाव आणि विलायतेतल्या गावाचं नाव इंग्रजीत रंगवून आणलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून पेटी मुद्दाम दर्शनी भागात ठेवली होती. बाई दाराच्या आत पदर ओढून उभी राहिली. वय तेवीस-चोवीस असेल. त्या काळची रीत अशी की बाईचा जबाब घ्यायचा तरी प्रश्न घरातल्या पुरुषाला विचारायचा. मीही तेच केलं.

"हिचं आधी लग्न झालं होतं का?" मी बापाला विचारलं.

"नाई सायेब. कोनी सांगतलं तुमाले? लोकाईले कोनाचं चांगलं झालेलं पाहवत नाई."

बाई उंबऱ्याकडे एक पाऊल पुढे आली. बाप तिला म्हणाला, "तू चहा ठेव." ती आत गेली.

मी कागदावर लिहिलं, 'विचारल्यावरून सांगते की, माझे हे पहिलेच लग्न आहे.' चहा घेऊन आल्यावर तिने सही केली. सही करताना तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. पोलिसाला घाबरली असेल, असं मी धरून चाललो.

तिथून साखरखेर्ड्याकडे गेलो तो पुऱ्या गणवेशात, जीप आणि दोन शिपाई घेऊन. पहिला नवरा म्हणून ज्याचं नाव गावात निघालं, तो शेतकरी हात जोडून उभा राहिला. "मी त्या बाईले वळखत नाई, सायेब," एवढंच तो म्हणत राहिला. त्याची नजर सारखी जीपकडे जात होती. पण मला कागद लवकर काढायचे होते. दोन्ही जबाब वर पाठवून दिले. पत्र कुणी लिहिलं, एवढं शोधायचं राहिलं, म्हणून ते माझ्याकडे ठेवून घेतलं.

जमादार जुना माणूस होता. ते पत्र खिडकीशी धरून म्हणाला, "सायेब, हे अक्षर मी पाह्यलं हाये. आठवडी बाजारात झाडाखाली अर्ज लिहून देते ना, त्याचं हाये." त्या अर्ज लिहिणाऱ्याला आणलं. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. बाजाराच्या दिवशी एक म्हातारी आली होती, तिने सांगितलं तसं त्याने लिहून दिलं होतं. म्हातारी म्हणजे त्या बाईची सासू निघाली.

सासू आपल्या अंगणात वातीचा कापूस निवडत बसली होती. मी पत्र समोर धरलं. तिने हातातलं काम थांबवलं नाही.

"हाव, म्याच लिहून घेतलं."

"काऊन, मावशी?"

"सून इथं हाये तं पोरगा दोन-तीन वर्सानं का होईना, घरी येते. सून गेली, मंग तो कायले येते? मरतावक्ती माह्या तोंडात पानी कोन टाकीन?"

"म्हणजे पहिलं लग्न खरंच झालं होतं, आणि तिने ते तुमच्यापासून लपवलं?"

"लपवते कायले? सातव्या वर्सी लगन झालं. पुढं जमलं नाई. तिच्या बापाच्या खळ्यात पंचाईसमोर काडीमोड झाली, मंग आमच्या घरी पाट लागला. साऱ्या गावाले मालूम हाये."

काडीमोड म्हणजे पंचांसमोर गवताची काडी मोडायची आणि दोन्हीकडच्यांनी उठून जायचं. तेवढ्यावर नातं संपे आणि दोघांनाही दुसरा संसार मांडता येई; बाईच्या अशा दुसऱ्या लग्नाला पाट म्हणत. ना कागद, ना सही. समाजात ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची असेल तर अशी फारकत कायद्यालाही चालत होती, फक्त ती शाबीत करावी लागे.

"मग पत्रात काडीमोडीचं का नाही लिहिलं?" मी विचारलं.

"ते लिहिलं असतं तं तिले जाऊ देलं असतं ना," म्हातारी म्हणाली.

लपवण्यासारखं काही नव्हतंच, आणि मी दोन खोटे जबाब वर पाठवून मोकळा झालो होतो. त्या शेतकऱ्याला ठाण्यावर बोलावलं, खाली बसवलं, चहा दिला. तो रडायलाच लागला. "तिच्या बापानं सांगावा धाडला होता. कोनी इचारलं तं नाई म्हन, पोरीचं भलं होईन. माह्यंबी दुसरं लगन झालेलं हाये. मले वाटलं, तुमी मलेच धरून नेता." बापाला विचारलं, तर तो मान खाली घालून म्हणाला, "कोर्टाचा कागद नाई आमच्यापाशी. ते काडी कोनाले दाखवू?"

दोन पंच अजून हयात होते. त्यांचे जबाब घेतले, शेतकऱ्याचे आणि बापाचे नवे जबाब जोडले, वर माझं स्वतःचं पत्र लिहिलं आणि सगळं पाठवून दिलं. चार महिन्यांनी उत्तर आलं. अर्जदार आणि साक्षीदार यांची विधाने परस्परविरोधी असल्याने विश्वास ठेवता येत नाही, परवाना नामंजूर. तो कागद नेऊन द्यायचं कामही माझ्याकडेच आलं. पेटी अजून ओसरीवर होती. मी कागद बापाच्या हातात दिला आणि चहाला न थांबता निघालो.

पुष्कळ वर्षांनी, निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना, मी देऊळगाव राजाच्या स्टँडवर जालन्याच्या गाडीची वाट पाहत होतो. एक बाई जवळ आली. केस पांढरे झाले होते. तिने ओळख दिली तेव्हा मी उठून उभा राहिलो.

नवरा एकदाच येऊन गेला होता. पुढे पत्रं कमी झाली, मग बंद झाली. तिकडे त्याने दुसरा संसार मांडल्याचं कुणाकडून तरी कळलं. सासू शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. "पोरगा मातीलेबी नाई आला," ती म्हणाली. "पानी म्याच पाजलं."

मग ती म्हणाली, "सायेब, एक इचारू? त्या दिवशी तुमी माह्या बापाले काऊन इचारलं? मी तं दारातच होती. खरं सांगतलं असतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिची गाडी लागली आणि ती पिशवी उचलून चढली.

ती केस मिटल्यापासून मी बाईचा जबाब घरच्या पुरुषांना बाहेर पाठवून, बाईला समोर बसवूनच घेतला. हाताखालच्यांनाही तेच शिकवलं. चांगला अधिकारी म्हणून त्याबद्दल माझं कौतुकही झालं. पण कुठल्यातरी कचेरीच्या दप्तरात तो कागद अजून असेल. त्यावर तिची सही आहे आणि वर माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे, 'विचारल्यावरून सांगते की'. मी तिला काहीच विचारलं नव्हतं.