पेन्सिलीची फुली

"डोन्ट टच मी," म्हातारी म्हणाली आणि तिने हात ओढून घेतला. मग चादरीच्या टोकाने मनगट पुसलं. जिथे मी नाडी बघत होते, नेमकं तेवढंच.

शेजारच्या खाटेवरच्या बाईने मान फिरवली. म्हातारी सिस्टरकडे बघत म्हणाली, "आय वॉन्ट अ प्रॉपर डॉक्टर."

बर्मिंगहॅमच्या त्या हॉस्पिटलात रुजू होऊन मला तीन आठवडे झाले होते. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. एमबीबीएस झालेली, एमडी झालेली, वर इथलीही परीक्षा पास. प्रॉपर म्हणजे आणखी काय असतं? हे सगळं मनातल्या मनात. तोंडातून निघालं ते, "सॉरी." पुसलं तिने आणि सॉरी म्हटलं मी.

सिस्टर म्हणजे वॉर्डची मुख्य नर्स. बाई वाईट नव्हती. "शी डझन्ट मीन इट, बॅब," म्हणाली. तिकडे बायका कुणालाही लाडाने बॅब म्हणतात. मग तिने खिशातून पेन्सिल काढली, खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या कार्डाच्या कोपऱ्यात एक बारीक फुली मारली आणि पुढे गेली. वाण्याच्या यादीत खूण करावी, इतक्या सहज.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी खोलीत बोलावलं. खुर्ची दिली, चहाही दिला. म्हातारीच्या मुलाने तक्रार केली होती. मोठे डॉक्टर चहा ढवळत म्हणाले, "वी मस्ट रिस्पेक्ट द पेशंट्स विशेस, मस्टन्ट वी?" आणि जाता जाता, अगदी प्रेमाने, "तुम्हाला ऑगस्टमध्ये माझा रेफरन्स लागेल, नाही का?"

आमची नोकरी सहा महिन्यांची असायची. मग पुढची शोधायची. मोठ्या डॉक्टरांनी चार चांगले शब्द लिहून दिले नाहीत तर पुढची नाही. नोकरी नाही तर व्हिसा नाही. माझा आणि माझ्या नवऱ्याचाही. तो एका कारखान्यात मिळेल ते काम करत होता. त्या संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "अहो, मला फार भीती वाटते." तो म्हणाला, "अगं, सहा महिने तोंड मिटून काढ. कोण मारतंय तुला?"

मारत कुणीच नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, त्यातल्या बुक्क्याही कुणाला दिसत नव्हत्या.

हळूहळू फुल्या कळल्या. लांबलचक वॉर्ड, एका बाजूला बायकांच्या खाटा, दुसऱ्या बाजूला पुरुषांच्या, त्यांत चारपाच फुल्या कायम असायच्या. फुली म्हणजे या पेशंटला आपला डॉक्टर हवा. आपला म्हणजे गोरा. नियम कुठे लिहिलेला नव्हता. नर्स कार्ड बघायची, फुली दिसली की पीटरला बोलवायची. पीटर माझ्यापेक्षा एक वर्षाने ज्युनियर. हसतमुख, भला मुलगा. त्याला फुलीचा अर्थच माहीत नव्हता. आपल्याला जास्त बोलावतात, म्हणजे आपण लोकांना आवडतो, असं त्याला वाटायचं. तो चुकला की तो दमलेला असायचा. मी चुकले की विचारायचे, तुमच्या देशात असंच करतात का?

मी पेशंटच्या तोंडाकडे आधी बघायचं सोडून दिलं. आधी कार्ड. सकाळी बसमधून उतरतानाच मनात मोजणी सुरू व्हायची. आज किती फुल्या असतील? आज कोण हात ओढून घेईल? कोण सगळ्यांसमोर बोलेल?

मग मी काय केलं, ते सांगते. सांगायला लाज वाटते, म्हणूनच सांगते.

मी स्वतःच फुल्या मारायला लागले.

नवा पेशंट आला की मी लांबून अंदाज घ्यायचे. ओठ आवळलेले दिसले, दंडावर ब्रिटिश झेंडा गोंदलेला दिसला की पेन्सिल काढायचे. त्याने बोलायच्या आत. एक फुली मारली की एक अपमान वाचला, असा माझा हिशेब. सिस्टर म्हणाली, "सेन्सिबल गर्ल." मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

माझे बाबा गावाकडे शाळेत मास्तर. शाळेत सगळ्या मास्तरांचे कप ट्रेमध्ये असायचे. बाबांचा एकट्याचा कप खिडकीत उपडा. आठ वर्षांची असताना मी विचारलं होतं, "बाबा, तुमचा कप तिकडे कोण ठेवतं?" ते म्हणाले, "मीच. कुणी सांगायच्या आत आपणच ठेवलेला बरा, पोरी." आमची जात गावाला माहीत होती. मी विलायतेला निघाले तेव्हा म्हणूनच त्यांना सर्वांत जास्त आनंद झाला. दर पत्रात शेवटी एक ओळ असायचीच. तिकडे कुणी जात विचारत नाही ना? मी लिहायचे, नाही बाबा, इथे कुणाला ती माहीतच नाही.

नऊ नंबरच्या खाटेवर एक म्हातारे आले. बसचे निवृत्त कंडक्टर, हृदयाचा विकार. दंडावर झेंडा. मी जवळून गेले की टक लावून बघायचे. मी फुली मारली.

तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाची ताटं गोळा होत असताना, त्यांना श्वास लागला. मी सहा नंबरच्या खाटेशी होते. मधे फक्त दोन खाटा. ते उठून बसले, तोंड राखेसारखं झालं, ओठांवर फेस आला. नर्स धावली. तिने कार्ड बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फोनकडे पळाली. पीटर दुसऱ्या इमारतीत होता.

मी उभी राहिले.

काय करायचं ते मला पाठ होतं. ऑक्सिजन, दोन इंजेक्शनं. ती ट्रॉलीवर समोरच होती. पण पाय उचलेना. हात लावला आणि ते ओरडले तर? दुसरी तक्रार आली तर? ऑगस्ट. व्हिसा. अहो काय म्हणतील? माणूस बुडत होता आणि मी काठावर उभी राहून स्वतःचे कागद सांभाळत होते. किती वेळ गेला ते भिंतीवरच्या घड्याळात दिसत होतं. चार मिनिटं.

मग त्यांनी माझ्याकडे हात केला. पंजा उघडा. शब्द फुटत नव्हता, एवढंच आलं, "यू. प्लीज."

मी धावले. इंजेक्शनं दिली, त्यांना टेकून बसवून धरून ठेवलं. त्यांनी माझा हात इतका घट्ट पकडला की बांगडी रुतली. पीटर आला तेव्हा श्वास जरा खाली बसला होता.

चौथ्या दिवशी ते गेले. त्या चार मिनिटांमुळे गेले का? कुणी सांगू शकत नाही. मीही नाही. त्यांची बायको सामान न्यायला आली. मला शोधत आली. म्हणाली, "ही ऑलवेज आस्क्ड, व्हाय डझन्ट शी कम टू मी? हॅव आय अपसेट हर?"

मी सामानाची पिशवी उचलली आणि तिला दारापर्यंत सोडून आले.

म्हणजे सगळा माझ्या मनाचा खेळ होता, असं कुणी म्हणू नये. पहिली फुली माझी नव्हती. पेन्सिलही माझी नव्हती. पण त्यांना मला हाकलायचेही कष्ट पडू नयेत, म्हणून मीच दाराबाहेर जाऊन उभी राहिले होते. बाबांसारखी.

झाल्या प्रकाराचा रिपोर्ट लिहायचा होता. मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा खुर्ची दिली. "नो डॉक्टर वॉज अव्हेलेबल ऑन द वॉर्ड. एवढंच लिहा. सिंपल." मग खिडकीबाहेर बघत, "ऑगस्ट इज नॉट फार."

अक्षर वाकडं येत होतं. मी लिहिलं, डॉक्टर वॉर्डात होती. दोन खाटांपलीकडे होती. तिला बोलावलं नाही, कारण कार्डावर फुली होती. फुलीचा अर्थ, काळा डॉक्टर नको. नऊ नंबरची फुली मी मारली, आणखीही काही मी मारल्या. बाकीच्या कुणी मारल्या ते विचारावं. खाली पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.

त्यांनी वाचलं आणि चष्मा काढला. "यू रिअलाइज यू आर अक्यूझिंग युअरसेल्फ?"

"येस," मी म्हटलं. "मायसेल्फ फर्स्ट."

रेफरन्स आला तो एका ओळीचा. बाई वेळेवर येतात. बस्स. महिनाभर नवरा माझ्याशी धड बोलला नाही. व्हिसा संपायला थोडे दिवस उरले असताना एक नोकरी मिळाली, लांबच्या हॉस्पिटलात, कुणालाच नको होती म्हणून. त्याच आठवड्यात बाबांना लिहिलं. बाबा, मी खोटं लिहीत होते. जात नाही विचारत, पण रंग न विचारताच कळतो. आणि उत्तर मीच आधी देत होते. उद्या शाळेत गेलात की तुमचा कप खिडकीतून उचला आणि ट्रेमध्ये ठेवा. फुटला तर फुटू दे.

नव्या वॉर्डात पहिल्याच दिवशी एका माणसाने हात ओढून घेतला. नवी सिस्टर कसनुसं हसली. तिचा हात खिशाकडे गेला. पेन्सिल. इथेही.

भीती तेव्हाही होती. अजूनही आहे.

"नॉट इन पेन्सिल, सिस्टर," मी म्हटलं आणि माझं पेन तिच्यापुढे धरलं. "इन इंक. अँड साइन युअर नेम."