घारीची वही

तोंडावर तिला सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे घार. तिला दोन्ही ठाऊक होतं. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या सहा बायकांत तिच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नसे, म्हणून हे नाव खुद्द सरांनीच कधीतरी कौतुकानं ठेवलं होतं, आणि बाईनं ते बावीस वर्षं मिरवलं. मिरवलंच म्हणायचं. भाजीतली अळी, शेजारणीच्या पदराचा सुटलेला धागा, नवऱ्याच्या गणवेशाचं सैल झालेलं बटण, सगळं तिला आधी दिसायचं आणि मग ती ते सगळ्यांना दाखवायची. नवरा बस चालवायचा. तो म्हणे, "हिच्यापुढे खोटं बोलायची सोय नाही."

काम सांगायला सोपं होतं, करायला जीव काढणारं. यंत्रातून कणांचा झोत सोडत. ते कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण भिंतीतूनही पार जातात आणि भिंतीमागे ठेवलेल्या काचेच्या पट्टीवरच्या लेपात खूण सोडतात. पट्टी फोटोसारखी धुतली की तिथे काळ्या ठिपक्यांची रेघ उमटते, केसाहून कितीतरी बारीक. डोळा भिंगाला लावायचा, पट्टी कणाकणानं सरकवायची आणि दिसेल ती रेघ जागेसकट वहीत टिपायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. सरांचं नाव मोठमोठ्या विज्ञान-नियतकालिकांत छापून येई, या सहा जणींच्या मानाच तेवढ्या आखडत.

त्या वर्षीचं काम मात्र नुसत्या कुतूहलाचं नव्हतं. एका रुग्णालयात शरीरातल्या गाठीवर झोत सोडणारं नवं यंत्र बसणार होतं, आणि त्या खोलीची भिंत किती जाड हवी हे सरांनी सांगायचं होतं. भिंतीच्या पलीकडे नातेवाइकांसाठी बाकडं. "त्या बाकड्यावर रोज कोणीतरी बसणार आहे," सर म्हणाले होते. "शंभरातली एक रेघ सुटली तर चालेल. वीस सुटल्या आणि आपल्याला पत्ताच नाही, असं झालं तर भिंत कमी पडेल."

रेघा सुटतातच. माणसाचा डोळा आहे तो. म्हणून नियम असा की प्रत्येक पट्टी दोघींनी पाहायची, वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकींशी चकार शब्द न काढता. दोघींनाही कोणत्या रेघा दिसल्या, कोणत्या एकीलाच दिसल्या, यावरून दोघींच्याही हातून किती सुटल्या असतील ते सर काढत. एकीनं चुकायला हरकत नव्हती. दोघींनी संगनमत करायला होती.

पट्टी पाहणारी दुसरी बाई होती तिची नणंद.

नणंद बारा वर्षांनी लहान. नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरी परत आलेली, चार महिने भिंतीकडे तोंड करून झोपून राहिलेली. घारीनंच तिला हाताला धरून प्रयोगशाळेत नेलं, शेजारी बसवून रेघ कशी ओळखायची ते शिकवलं, वहीत आकडे कसे काढायचे तेही, आपल्याच वळणाचे. हाक मानाची, "वन्सं", आणि बोलणं सगळं अगंतुगंचं. नणंद-भावजयीचं इतकं गूळपीठ बघून आळीतल्या बायकांची जरा निराशाच झाली होती.

आणि मग एका दुपारी घारीनं डावा डोळा चोळता चोळता भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, तर कडेचे आकडे होते आणि काटे नव्हते. डावा उघडला, काटे आले. डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग जातोय, उपाय नाही, दुसराही हळूहळू जाईल. घरी तिनं कोणाला सांगितलं नाही. घारीचे डोळे गेले की मागे उरतं काय, एक आखडलेल्या मानेची बाई. ती डावा डोळा भिंगाला लावू लागली. सवय नसल्यानं तो लगेच थकायचा, रेघा सुटायच्या, हे तिला कळत होतं. पण ती मनाची समजूत घाली, मी चुकले तरी वन्संची वही आहे, माझी चूक हिशोबात येईलच. आणि खोटं कशाला सांगा, ते बरोबरच होतं.

आठ महिन्यांनी सरांनी दोघींना बोलावलं. सरांचा चेहरा फुलला होता. "शंभरातल्या अठ्ठ्याण्णव रेघा दोघींच्या वहीत सारख्या! अशी जोडी मी आजवर पाहिली नाही. म्हणजे सुटलेलं काही नाहीच. भिंत वीतभर कमी केली तरी चालेल. सोमवारी नकाशे रुग्णालयाला पाठवतो."

शंभरातल्या साठ तरी आपल्याला दिसल्या का, याचीच घारीला खात्री नव्हती.

घरी नणंद भांडी विसळत होती. घार तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

"माझ्या वहीत कोण लिहितं?"

नळ चालूच राहिला. भिंगं पुसायला सकाळी सगळ्यांच्या आधी जाणारी नणंदच, आणि वह्यांच्या कपाटाची किल्लीही तिच्याकडे.

"तुझ्या सुटलेल्या रेघा मीच लिहिते," नणंद वळून म्हणाली. "तुला दिसत नाही, हे काय मला कळत नाही? सुईत दोरा ओवायला आठ महिने माझ्याकडे देतेयस, म्हणे उजेड कमी आहे! तुझी वही तशीच सरांकडे गेली असती ना वहिनी, तर पहिल्याच महिन्यात तुला घरी बसवलं असतं. मला ते बघवलं नसतं."

"अगं, मी चुकले असते तर चाललं असतं! माझी चूक त्यांनी हिशोबात धरली होती. तुझी मदत कुठे धरलीये?"

"आता नाही लिहिणार. शपथ. पण सांगू नकोस."

"सोमवारी नकाशे जातायत."

"वीतभर भिंत ती!"

"त्या बाकड्यावर कोण बसणार आहे, माहितीये तुला?"

"मला एवढंच माहितीये, की तू सांगितलंस तर माझी नोकरी जाईल." नणंदेचा आवाज फुटला. "ही नोकरी सोडून माझ्याकडे काय आहे, सांग ना. तूच मला अंथरुणातून उठवलंस, आता तूच परत घालणार?"

घारीनं पुढे होऊन नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "डोळा कधीपासून गेलाय?"

"माहीत नाही, सर. मधलं जातं ते समजतच नाही. दुसरा डोळा भरून काढतो."

हे उत्तर देताना तिला कळलं नाही की आपण स्वतःचंच नाव खोडतोय. डोळा कधी गेला हे ठाऊक नाही, म्हणजे कुठली वही खरी धरायची हेही ठाऊक नाही. सरांनी जुन्या वह्या काढायला लावल्या आणि मागच्या तीन वर्षांच्या प्रत्येक वहीवर स्वतः लाल रेघ ओढली. ती समोर उभी होती. त्या रेघा तिला दिसल्या, ठसठशीत होत्या. सरांनी आभार मानले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांचंही आठ महिन्यांचं काम त्यात गेलं होतं.

नकाशे थांबले. पट्ट्या दुसऱ्या दोघींनी पुन्हा मोजल्या, आणि भिंत कमी व्हायच्या ऐवजी चार बोटं वाढली. घारीला डोळ्यांच्या कारणावरून घरी पाठवलं. नणंदेला त्याच आठवड्यात काढून टाकलं.

ती दुसऱ्या गावी थोरल्या भावाकडे गेली. दोन दिवस सामान बांधत होती, वहिनीशी एक शब्द बोलली नाही. दारात भावाला म्हणाली, "येते, दादा," आणि रिक्षात बसली. पत्र नाही, फोन नाही. नवऱ्यानं घारीला एकदाच विचारलं, "तू बोलली नसतीस तर?" ती म्हणाली, "तर भिंत..." आणि रडायला लागली. त्यानं परत विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी उशीचा अभ्रा उसवला म्हणून तिनं शिवणाचा डबा उघडला. बोटांनी चाचपत सुई शोधली, तर हाताला लागलेल्या सुईत दोरा होता. दुसरीलाही होता. डब्यात होत्या नव्हत्या त्या बाराही सुया ओवून ठेवलेल्या, सहा पांढऱ्या दोऱ्याच्या, सहा काळ्या, गुंता होऊ नये म्हणून एकेक दोरा सुईला गुंडाळलेला. डबा मांडीवर घेऊन ती तिथेच बसून राहिली.

सुया एकेक करून संपत आल्या. दोन वर्षं पुरल्या, बाई जपूनच वापरायची. आता डावा डोळाही जवळजवळ गेला आहे.

परवा नवऱ्याच्या गणवेशाचं बटण तुटलं. त्यानं डबा उघडला. "अगं, ही एक ओवलेली आहे की. थांब, मीच लावून घेतो."

"तिला हात लावू नका," ती म्हणाली. "ती वन्संची शेवटची आहे."

त्यानं सुई जागेवर ठेवली आणि शर्टाला पिन लावून तो कामावर गेला.