कोठी पाडायचा होकार

ईशान, मीरा — हे मी तुमच्या आजोबांनाही शेवटपर्यंत सांगितलं नाही. कागदावर तरी उतरतंय का, बघते.

अकोल्याची आपली कोठी तुम्ही फक्त फोटोत पाहिलीत. तुमचे पणजोबा, म्हणजे माझे सासरे, कापसाचे मोठे व्यापारी. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, आणि मामंजींचा शब्द एकदा गेला की फिरत नसे. त्यांनीच म्हणे सांगितलं, 'पाडा कोठी.' केवढी विरक्ती — तुम्हीही हे मित्रांना सांगता. त्याबद्दलच लिहायचंय.

कोठीच्या पुढच्या दारानं सुना येत नसत. मी इंग्रजीत एम. ए., आणि वर्षानुवर्षं मागच्या गल्लीतून, सरकीच्या पोत्यांना वळसा घालून घरात शिरायची. बैठक फटीतून पाहिलेली. कुणी वाईट वागवलं का? नाही.

मग मामंजींना अर्धांगवायू झाला. जीभ जड झाली. मान सारखी हलायची. हो की नाही, कळत नसे. भरवायची मी, म्हणून त्यांचं बोलणं मला एकटीला समजायचं. बिल्डर आला, तेव्हा मला बैठकीत बोलावलं — पहिल्यांदाच. कोठीच्या बदल्यात अमरावतीला फ्लॅट मिळणार होते. फ्लॅटला एकच दार असतं — माझ्या मनात एवढंच होतं.

मामंजी बराच वेळ ओठ हलवत राहिले. "मी गेल्यावर पाडा. आता नोका."

"वहिनी, बाबा काय म्हून राह्यले?" धाकट्या दिरांनी विचारलं.

मी म्हटलं, "पाडा म्हणतात."

घाबरून? चुकून? — नाही. शांतपणे, नीट उच्चार करून.

मामंजींना ऐकू उत्तम येत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मान हलत राहिली. दिरांना तो होकार वाटला. "बाबाचं मन लय मोठं हाये," म्हणाले, आणि डोळे पुसले.

अमरावतीच्या फ्लॅटमध्ये ते एक पावसाळा जगले. "मामंजी, पाणी देऊ?" विचारलं की तोंड मिटून घेत. सगळ्यांना वाटलं, वाचा गेली. एका दुपारी मी दाराआडून ऐकलं — खिडकीशी एकटेच काहीतरी पुटपुटत होते. मी आत गेले, तसे थांबले.

कोठी पाडा, असं ते म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते.