बाकीच्यांच्या बाई

टेबलावर बोटांची पेरं आपटून बाई विचारायच्या, "अन् बाकीचे?"

सावली गावच्या शाळेत त्या इतिहास शिकवत, मी पलीकडच्या वर्गात गणित. मधे फक्त बांबूचा तट्टा. त्यामुळे अथेन्स नावाचं ग्रीकांचं जुनं नगर मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. आधी तिथे बड्या घराण्यांचं राज्य. मग गुलाम करून विकलेले शेतकरी सुटले. पुढे घराण्यांची गटबाजी मोडली आणि जोडे शिवणारासुद्धा टेकडीवरच्या सभेत उभा राहून बोलू लागला. पोरं खूश व्हायची. लगेच टेबल वाजायचं. बाया? त्यांना मत नाही. गुलाम? त्यांनाही नाही. बोलता बोलता बाईंचा आवाज चिरका व्हायचा. इतक्या जुन्या लोकांवर इतकं रागावणारं माणूस तुम्ही पाहिलंय का? मी एकच पाहिलं.

आमच्या ग्रामपंचायतीची पहिली निवडणूक हात वर करून झाली. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, कायद्याने गेली होती, मालगुजार मात्र खुर्चीवर होते. शाळेच्या कमिटीचे अध्यक्षही तेच. उभा होता त्यांचा पुतण्या. गावाबाहेरच्या वस्तीतली माणसं आणि गावातल्या साऱ्या बाया लांब तलावाच्या पाळीवर, बांधावर, बसवल्या होत्या. त्यांचे हात कोणी मोजलेच नाहीत. निकाल सांगायला लागले तशा बाई उठल्या.

"अन् बाकीचे?"

"बाई, हे शाळेत शिकवा. इथी नाई," मालगुजार म्हणाले.

"शाळेतच शिकवून राह्यली होती. म्हणून तं इथी आली."

पाळीवर एक हात वर झाला, मग सगळेच. मोजणाऱ्यांनी पाठ फिरवली. पुतण्या सरपंच झाला आणि पावसाळ्याच्या तोंडावर बाईंची बदली झाली भामरागडला, जिथली वाट पावसाळाभर बंद. मालगुजारांची माफी मागा, बदली थांबेल, असं मी त्यांना निघताना बैलबंडीजवळ सांगून पाहिलं.

"कायची माफी, भाऊ? मोजलं नाई ते त्यायनं."

तिथे त्या तापाने गेल्या. औषध नदीच्या अलीकडेच अडकून पडलं. आम्हाला कळलं ते पाऊस सरल्यावर.

शोकसभेचे अध्यक्ष मालगुजारच. बाई फार शांत स्वभावाच्या होत्या, असं त्यांनी सांगितलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठलो.

"बाई एक दिवसही शांत नव्हत्या," मी म्हणालो. "त्या संतापलेल्या होत्या. तुमच्यावर."

बसा मास्तर, असं ते दोनदा म्हणाले. मी बसलो नाही.