लूम थांबल्यावर

टेमघरला शेअर रिक्षासाठी मी रोज संध्याकाळी जिथे उभा राहतो, तिथे समोरच्या खोलीत एक बाई मुलांना कुराण शिकवते. नाव मी कधी विचारलं नाही. मुलं तिला आपा म्हणतात. भिंतीला लागूनच कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना आहे. त्या खडखडाटात मुलं डोलत, बेंबीच्या देठापासून ओरडतात. ती एकेकाच्या तोंडाशी कान नेते आणि डोळे मिटून ऐकते.

परवा अचानक लाइट गेली. लूम थांबले, तसा मुलांचा आवाजही पडला. दोघी मुली तेवढ्या म्हणत राहिल्या. बाकीची नुसते ओठ हलवत एकमेकांकडे बघत होती. मला हसू आलं. तिने ते पाहिलं.

"भाऊ, लूम चालू असले का सगल्यांना येतं," ती उंबऱ्यातून म्हणाली. "बंद पडले का कलतं, कोनाला खरंच येतं."

तेव्हापासून मला चैन नाही. आमच्या घरी गणपती बसलेत. आरतीला आम्ही टाळ बडवतो, ध्रुवपद छाती फोडून म्हणतो आणि मधली कडवी पुटपुटत ढकलतो. काल मी म्हटलं, "आज टाळ नकोत." बायको-मुलं माझ्याकडे बघतच राहिली. पहिली आरती कशीबशी पार पडली. दुसरीच्या मध्यावर खोलीत एकट्या आईचा आवाज उरला. ती डोळे मिटून म्हणत होती, आणि प्रत्येक ओळीनंतर तिला धाप लागत होती.